पाच ताऱ्यांचे 50 रुपये, आणि माझे गेले 1,65,650

"एवढी शिकलेली बाई आणि..." हे वाक्य गेल्या चार महिन्यांत नवऱ्याकडून, जावेकडून, बँकेतल्या पोराकडून आणि ठाण्यातल्या हवालदाराकडून ऐकून झालंय, त्यामुळे तुम्ही ते नाही म्हणालात तरी चालेल. मी छोट्या व्यापाऱ्यांचे हिशेब लिहिते, जीएसटीची रिटर्न भरते. दुसऱ्याच्या बिलात दोन रुपयांचा फरक निघाला तर मला जेवण जात नाही. आणि माझे स्वतःचे 1,65,650 रुपये मी चार दिवसांत, स्वतःच्या अंगठ्याने, पिन टाकून टाकून घालवले.

टास्कवाली फसवणूक. हॉटेलला रेटिंग द्या, एका रिव्ह्यूचे 50 रुपये. हो, तीच, जी तुम्ही हसून ब्लॉक करता. मीही आधी दोनदा ब्लॉक केली होती. तिसऱ्यांदा मेसेज आला त्या आठवड्यात एका क्लायंटने वर्षभराची फी बुडवली होती, घरात त्यावरून वाजलं होतं, आणि मी चिडून "ओके" असं लिहून पाठवलं. एवढंच निमित्त.

पण लालचीपणा म्हणू नका. माझा विश्वास का बसला ते सांगते, कारण तो तुमचाही बसेल. आमच्या घरात चार ताऱ्यांच्या खालच्या हॉटेलात कुणी पाऊल टाकत नाही. सहा माणसं रस्त्यात उभी आणि मुलगा मोबाइलवर अंगठा फिरवतोय, हे दर वेळचं. समोरचं हॉटेल 4.1, गल्लीपलीकडचं 4.3. आम्ही सासूबाईंना गुडघेदुखीसकट 4.3 पर्यंत चालवत नेतो आणि तिथे चाळीस मिनिटं बाहेरच्या खुर्च्यांवर बसतो. आत जेवण कसं होतं म्हणाल तर समोरच्यासारखंच असणार. ज्या ताऱ्यांमागे माणसं अशी धावतात त्यांना बाजारभाव असणारच, हे माझ्या हिशेबी डोक्याला लगेच पटलं. वर मी रात्री बसून शोधलंही. हार्वर्डच्या मायकेल लुका यांनी 2011 साली सिॲटल शहरातल्या हॉटेलांचा अभ्यास मांडला होता: येल्प या अमेरिकी रिव्ह्यू साइटवर एक तारा वाढला की उत्पन्न 5 ते 9 टक्क्यांनी वाढतं, तेही साखळी हॉटेलांचं नाही, एकेकट्या स्वतंत्र हॉटेलांचं. नवऱ्याला मी हे वाचून दाखवलं. "बघ, यात खरंच पैसा आहे." अभ्यास खरा आहे, आजही खराच आहे. खऱ्या माहितीच्या टेकूवर मी खोटं उभं केलं, आणि ते कुणी माझ्या गळ्यात मारलं नाही, मीच शोधून आणलं.

सोमवारी तीन रिव्ह्यू, 150 रुपये खात्यात. मंगळवारी चार रिव्ह्यू, 200 रुपये. मग दुसऱ्या मेसेजिंग ॲपवरचा ग्रुप, "प्रीपेड टास्क", 1,000 भरले तर 1,300 आले, 5,000 भरले तर 6,500 आले. पुढचं तुम्हाला पाठ आहे. बुधवारी एकामागून एक 12,000, 28,000 आणि 48,500. गुरुवारी एफडी मोडून 79,300, कारण "कॉम्बो", म्हणजे एकाला एक जोडलेली टास्कं, अर्धा सोडला तर सगळंच अडकतं म्हणे. गेले 1,73,800, आले 8,150. वजाबाकी शीर्षकात आहे.

आता ती जागा, जिच्यामुळे मला अजून रात्री तीनला जाग येते.

पहिल्या दिवशी रिव्ह्यूचा मजकूर त्यांनीच तयार पाठवला होता. "जेवण अप्रतिम, स्टाफ विनम्र, कुटुंबासह यावं अशी जागा." हे वाक्य मी ओळखत होते! अशीच वाक्यं वाचून तर आम्ही हॉटेलं ठरवतो. ज्या शहरात मी कधी गेले नाही तिथल्या हॉटेलच्या विनम्र स्टाफबद्दल मी माझ्या नावाने, माझ्या फोटोसह लिहिलं आणि मनात काय आलं? तर "अच्छा, हे असं असतं होय." फसवणूक समोर चालू आहे, मी ती करते आहे, आणि मला वाटतंय की मी आतल्या गोटात आले. लबाडीच्या धंद्यात शिरलेल्या माणसाला आपण लबाडी करणाऱ्यांच्या बाजूचे आहोत असं वाटतं, आणि तिथेच त्याचा बकरा होतो.

तरी तेही सोडा. 12,000 पाठवताना स्क्रीनवर नाव आलं ते कुठल्याशा साडी सेंटरचं. 28,000 ला एका माणसाचं नाव. 48,500 ला तिसरंच, कसलंसं ट्रेडर्स. स्वतःला जाहिरात कंपनी म्हणवणाऱ्यांचे पैसे साडी सेंटरच्या खात्यात? बिलावर एक पार्टी आणि पैसे दुसऱ्या पार्टीला, असा कागद क्लायंटने आणला तर मी त्याला परत पाठवते, वर दोन शब्द सुनावते. वीस वर्षं हेच काम करते आहे. ग्रुपमध्ये टास्क देणाऱ्या "रिसेप्शनिस्ट"ला मी विचारलंही. उत्तर आलं, "डिअर, ते आमचे मर्चंट आहेत." आणि मी पिन टाकला. ॲप बिचारं नाव दाखवत होतं, मोठ्या अक्षरांत. पैसे पाठवण्याआधी ते नाव मोठ्याने वाचा. खरंच तोंडाने वाचा. मला ऐकू आलं असतं तर कदाचित थांबले असते.

गुरुवारी संध्याकाळी खोट्या वॉलेटमध्ये 2,61,400 दिसत होते आणि ते काढायला 30 टक्के "कर", म्हणजे 78,420, आधी भरायचा होता. कर कापून घेतात, आधी मागत नाहीत, एवढं तरी मला कळतं. तेव्हा उजेड पडला. आणि मग मी दोन दिवस कुणाला काही बोलले नाही. लाज. 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन केला तो शनिवारी. तिथे तक्रार नोंदली, क्रमांक आला, पण तोवर पैसे तीन-तीन खात्यांतून पुढे गेलेले. हा उशीर माझा. तुम्ही आधी 1930 लावा, रडणं नंतर. आणि चॅटचे स्क्रीनशॉट लगेच घ्या, माझा ग्रुप शुक्रवारी सकाळी गायब झाला होता.

आता ठाणं. पहिल्या दिवशी "मॅडम, हे सायबरचं." सायबरवाले म्हणाले, "रक्कम लहान आहे, ठाण्यातच द्या." 1,65,650 लहान! परत ठाण्यात. आयटी कायद्याच्या गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरचा अधिकारीच करू शकतो, हे कलम 78 मध्ये आहे, आणि आमचे निरीक्षक साहेब बंदोबस्ताला. तीन वेळा गेले, तिन्ही वेळा बंदोबस्त. रंगीत प्रिंट मागितल्या, 46 पानं, दहा रुपयांप्रमाणे 460. त्या दिल्यावर पेनड्राइव्ह. मग एकाने सांगितलं की पैसे परराज्यात गेले, हद्द आमची नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता 1 जुलै 2024 पासून लागू आहे, तिच्या कलम 173 नुसार हद्द कुठलीही असो, माहिती नोंदवून घ्यावीच लागते. हे मी छापून नेलं. हवालदारांनी कागद वाचला, परत दिला आणि म्हणाले, "ताई, ते खोटे रिव्ह्यू तुम्हीच लिहिलेत ना? बघा हं, उलट तुमच्यावरच यायचं." मी गप्प बसले. ते खरं होतं म्हणून जास्तच गप्प बसले. हातात आजही एफआयआर नाही, शिक्का मारलेला अर्ज आहे.

बँकेची तर तऱ्हाच न्यारी. रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 ला परिपत्रक काढलं होतं, तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर बोजा नाही वगैरे. ते परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी. "तुम्ही पिन स्वतः टाकलात, मॅडम." बरं, टाकला. पण त्या साडी सेंटरचं खातं कुठल्या तरी बँकेने केवायसी करूनच उघडलं ना? माझ्या लॉकरसाठी मला आधार कार्ड घेऊन तीन हेलपाटे घालायला लावले, कारण एका ठिकाणी आडनाव आधी होतं. भामट्यांना खाती भाड्याने देणाऱ्यांना मात्र कुणी आडनाव विचारत नाही. शाखेने कस्टमर केअरला पाठवलं, कस्टमर केअरने शाखेला, बँकेत तक्रारी बघणाऱ्या नोडल अधिकाऱ्याला लिहिलं तर दोन ओळींचं उत्तर: आपली तक्रार बंद करण्यात आली आहे. तुमचं असं झालं, किंवा 30 दिवस उत्तरच आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, शाखेत हे कुणी आपणहून सांगत नाही. एका खात्यात माझे 11,200 रुपये गोठवलेले सापडले. ते सोडवायला कोर्टाचा आदेश आणा, असं मला सांगितलं. वकील 8,000 मागतोय.

मध्येच एक फोन आला होता, "सायबर विभागातून बोलतोय, 4,999 भरा, पूर्ण रक्कम मिळवून देतो." माझं नाव, माझी रक्कम, सगळं त्याला माहीत. हे दुसरं जाळं असतं, एकदा फसलेल्यांच्या यादीवर टाकलेलं. मी एक क्षण, खरं सांगते, विचार केला होता.

भाचा म्हणाला, "मावशी, लंडनच्या ऊबा बटलर या पत्रकाराने 2017 मध्ये खोट्या रिव्ह्यूंवर बागेतली शेड शहरातलं एक नंबरचं रेस्टॉरंट करून दाखवली होती. त्याआधी तो 10 पौंडाला एक रिव्ह्यू लिहायचा." मला 50 रुपये. तेही सातांचेच मिळाले, अकरा लिहिले होते. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने 2022 साली ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस 19000 हे मानक काढलं, पण ते ऐच्छिक ठेवलं. तेव्हा हॉटेल निवडताना तारे बघा, नका बघू, रिव्ह्यू लिहिणाऱ्याच्या नावावर मात्र एकदा टिचकी मारा. माझ्या नावावर मारली असती तर दिसलं असतं: एका दुपारी चार शहरांत जेवलेली, चारही ठिकाणी तृप्त झालेली बाई.

ते रिव्ह्यू मी पुसले, असं मला वाटत होतं. गेल्या आठवड्यात ॲपने कौतुकाचा निरोप पाठवला, तुमचा अभिप्राय दोन हजारांहून जास्त वेळा पाहिला गेला. एक राहून गेला होता. पोटात गोळा आला. किती घरं, किती सासवा माझ्या वाक्यावर चालत गेल्या असतील? त्या हॉटेलचा नंबर शोधून मी मालकांना फोन केला, सगळं सांगितलं, माफी मागितली. रिव्ह्यूंसाठी त्यांनी कधी कुणाला एक रुपया दिला नव्हता, ती कंपनी त्यांनी ऐकलीसुद्धा नव्हती. यादीत त्यांचं नाव कुणीतरी नकाशावरून नुसतं उचललं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, हळहळले.

मग म्हणाले, "पण ताई, लिहिलंय छान तुम्ही. एवढा एक राहू द्या की."