स्वमग्न मुलांसाठीचा 'सप्लिमेंट कोर्स' : सोलापुरातील आमचा अनुभव

सोलापूर शहरात आणि आसपासच्या तालुक्यांत स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या पालकांना गाठून पावडरी, ड्रॉप्स आणि कॅप्सूल यांचे महागडे 'कोर्स' विकले जात आहेत, आणि आमच्या कुटुंबाची त्यात फसवणूक झाली आहे. ज्यांच्या मुलाचे निदान नुकतेच झाले आहे अशा पालकांपर्यंत हा मजकूर पैसे भरण्याआधी पोहोचावा, म्हणून तपशिलासह लिहीत आहे.

माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. त्याची स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी सुरू होती, फरक पडत होता, पण अगदी सावकाश. थेरपीच्या ठिकाणी बाहेर बसलेल्या आम्हा आयांच्या हाती एक पत्रक आले आणि त्यातून होटगी रस्त्यावरील एका सभागृहात मोफत मार्गदर्शन असल्याचे कळले. अक्कलकोट, मोहोळ, बार्शी, अगदी कलबुर्गीकडूनही पालक आले होते. व्यासपीठावरील गृहस्थ स्वतःला सल्लागार म्हणवत होते. ते डॉक्टर नाहीत, हे नंतर समजले. त्यांचे म्हणणे असे की ऑटिझम हा मेंदूचा नसून पोटाचा आजार आहे, पोट स्वच्छ झाले की मूल बोलू लागते. हे पटते, कारण आपल्या मुलांना बद्धकोष्ठता असते, खाण्यापिण्याच्या आवडीनिवडी टोकाच्या असतात आणि घरोघरी जेवणावरून रोज झगडा चालतो. त्रास खरा असतो, त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र खोटा असतो.

त्यानंतर केसांची चाचणी झाली. अहवालात शिसे आणि पारा यांच्यापुढे लाल पट्ट्या होत्या, आणि शेवटच्या पानावर बारीक इंग्रजीत हा अहवाल निदानासाठी नाही असे छापले होते. केसांवरून मुलाच्या शरीरातील शिशाचे निदान करता येत नाही, त्यासाठी रक्ताची तपासणी लागते. जी मुले माती, भिंतीचा रंग असे काहीबाही तोंडात घालतात त्यांची ती तपासणी जरूर करावी. आमच्या मुलाची पुढे केली तेव्हा ती सामान्य आली. पण तोवर लाल पट्ट्या पाहून घरातल्या सर्वांच्या पोटात गोळा आला होता आणि चोपन्न हजारांचे पॅकेज ठरले होते. मी टॉवेलच्या कारखान्यात शिलाईचे काम करते. ही रक्कम बचत गटाच्या कर्जातून उभी केली, आणि हप्ते फेडता यावेत म्हणून थेरपी थांबवावी लागली. सर्वांत मोठे नुकसान तेच झाले, कारण उपयोग ज्याचा होत होता तेच बंद पडले.

पॅकेजमध्ये गहू आणि दूध पूर्ण बंद होते. गव्हाऐवजी त्यांच्याकडचेच 'ग्लूटेनमुक्त', म्हणजे गव्हातील ग्लूटेन हे प्रथिन नसलेले, पीठ घ्यायचे. त्या पाकिटावरील घटकांची यादी मी घरी वाचली, तर पहिलेच नाव ज्वारीचे होते. ज्या जिल्ह्यात मंगळवेढ्याची मालदांडी पिकते आणि घराघरात कडक भाकरी असते, तिथे ज्वारीचे पीठ कित्येक पट दराने आमच्या गळ्यात मारले गेले. दूध बंद झाल्याचा परिणाम अधिक वाईट झाला. माझा मुलगा मोजकेच पदार्थ खातो आणि दूध हा त्याचा मोठा आधार होता, त्यामुळे त्याचे वजन घटले.

बाटल्या बऱ्याच होत्या. एका पावडरीत जीवनसत्त्व ड, ड्रॉप्समध्ये पुन्हा ड, आणि त्यावर दर आठवड्याला 60,000 युनिटची एक पुडी, ती कधी थांबवायची हे कुठेच लिहिलेले नाही. निरोगी मुलाला रोज 400 ते 600 युनिट पुरतात. नुसत्या पुडीचाच हिशेब केला तरी तो दिवसाला साडेआठ हजारांच्या वर जातो. काही आठवड्यांत मुलाची तहान वाढली, उलट्या सुरू झाल्या, बद्धकोष्ठता बळावली. विचारले तर उत्तर मिळाले, "ताई, विष बाहेर पडतंय, घाबरू नका." नंतर तेही बदलले: "तुम्ही नियमाने देत नाही, म्हणून रिझल्ट दिसत नाही." मुलाने एखादा नवा शब्द उच्चारला की श्रेय पावडरीला, आणि काही बिघडले की दोष आईला, अशी ही रचना आहे. त्यात औषध चुकीचे ठरण्याची सोयच नाही.

पुढचा टप्पा म्हणून 'मेटल काढण्याचे सलाइन' (शरीरातील शिसे-पारा यांसारखे धातू काढण्यासाठी शिरेतून दिले जाणारे औषध) सुचवले गेले, तेव्हा माझ्या दिरांनी हट्टाने आम्हाला बालरोगतज्ज्ञांकडे नेले. डॉक्टर बाईंनी सगळ्या बाटल्या टेबलावर मांडून प्रत्येकीतील जीवनसत्त्वांची कागदावर बेरीज केली आणि रक्त तपासले. ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम दोन्ही मर्यादेबाहेर होते, म्हणजे मूत्रपिंडांना धोका होता. ब6 जीवनसत्त्वही अनेक बाटल्यांत होते, आणि त्याचा दीर्घकाळ अतिरेक झाल्यास हातापायांच्या नसांना इजा होते. सलाइनविषयी त्यांनी जे सांगितले ते प्रत्येक पालकाला माहीत असायला हवे. 2005 मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात अशाच उपचारादरम्यान रक्तातील कॅल्शियम घसरून पाच वर्षांचा स्वमग्न मुलगा दगावला होता.

पूरक आहाराचा उपयोग अजिबात नाही, असे मी म्हणत नाही. तपासणीत लोह, ब12 किंवा ड कमी आढळले तर ते द्यावेच लागते, कारण कमतरता भरून काढणे हा कोणत्याही मुलाचा उपचार आहे. झोपेसाठी मेलाटोनिनचा उपयोग अनेक मुलांना होतो, पण तेही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. मात्र बोलणे, नजर देणे, मिसळणे या मूळ अडचणी पावडरीने दूर होतात याला भक्कम पुरावा नाही. ओमेगा-3 (माशांच्या तेलात असणारे स्निग्धाम्ल) बद्दल 2011 मध्ये वैद्यकीय प्रयोगांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने जे पुनरावलोकन केले, त्यात निकषांना उतरलेले प्रयोग दोनच निघाले, मुले एकूण 37, आणि निश्चित फायदा दिसला नाही. उपचारांविषयी मार्गदर्शिका काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2013 च्या मार्गदर्शिकेत मूळ लक्षणांसाठी गहू-दूध बंद करण्यासारखे पथ्याचे आहार वापरू नयेत आणि धातू काढण्याचे उपचार कोणत्याही परिस्थितीत करू नयेत, असे स्पष्ट सांगितले आहे.

मला सर्वांत जास्त शिकवून गेला तो स्वमग्न मुलांवर झालेला आणि 1999 मध्ये प्रसिद्ध झालेला सिक्रेटिन या पचनाशी संबंधित संप्रेरकाचा प्रयोग. निम्म्या मुलांना औषध आणि निम्म्यांना निष्क्रिय द्रव टोचला गेला, कोणाला काय दिले हे पालकांना ठाऊक नव्हते, आणि सुधारणा दोन्ही गटांत सारखीच दिसली. निष्कर्ष समजल्यावरही बहुतेक पालकांना ते औषध हवेच होते. मूल आपल्या वेगाने वाढत असते आणि आशेने पाहणाऱ्या डोळ्यांना ती वाढ उपचारामुळे झालेली वाटते, म्हणून सभागृहात दाखवलेल्या पालकांच्या व्हिडिओंना पुरावा मानता येत नाही. ते पालक खोटे बोलत असतीलच असे नाही.

विक्रेता परवान्याचा चौदा अंकी क्रमांक दाखवून 'सरकारमान्य' म्हणतो. तो अन्नपदार्थाचा परवाना आहे, ऑटिझमवरील गुणाची पावती नव्हे. अशा डब्यांवर औषधी वापरासाठी नाही असे छापणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि आमच्या प्रत्येक डब्यावर ते बारीक इंग्रजीत छापलेलेही होते. तोंडी दावा एक, लेबलवर दुसरे.

आमची पावती हाताने लिहिलेली आहे आणि तिच्यावर फक्त 'आहार सल्ला' एवढेच शब्द आहेत, त्यामुळे आता समोरची बाजू आपण काही विकलेच नाही असे म्हणत आहे. आम्ही अन्न व औषध प्रशासनाकडे आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दिली असून निकाल यायचा आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगात शुल्क नाही, तक्रार करण्याची मुदत दोन वर्षांची आहे, आणि 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर मार्गदर्शन मिळते. ज्यांनी असाच कोर्स घेतला आहे त्यांनी रिकाम्या बाटल्या, डबे आणि मोबाइलवरचे संदेश जपून ठेवावेत, मुलाला घेऊन आधी बालरोगतज्ज्ञांकडे जावे, आणि जाताना घरातील सर्व बाटल्या सोबत न्याव्यात.