राणीच्या वाढदिवसाची तीन नाणी: एक परीक्षण

ब्रिटनच्या रॉयल मिंट या टांकसाळीने राणी एलिझाबेथ द्वितीय यांच्या ७०व्या, ८०व्या आणि ९०व्या वाढदिवसानिमित्त अनुक्रमे १९९६, २००६ आणि २०१६ साली पाच पौंडांची स्मारक नाणी काढली. संग्राहकाने त्यांतले एखादेच घेण्यापेक्षा तिन्ही घ्यावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण या नाण्यांची खरी गोडी दर्शनी बाजूवरील राणीच्या मुखचित्रांत आहे आणि ती तिन्ही शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही.

१९९६च्या नाण्यावर राफाएल मॅक्लूफ यांनी घडवलेले, १९८५पासून वापरात आलेले मुखचित्र आहे, त्यामुळे सत्तरीची राणी तेथे वयाचा मागमूस नसलेली दिसते. २००६च्या नाण्यावर इयान रँक-ब्रॉडली यांनी मात्र चेहऱ्यावरचे वय जराही झाकलेले नाही आणि मुकुटाखालच्या त्या थकलेल्या, तरीही ठाम चेहऱ्यामुळे मला तेच शिल्प सर्वांत प्रामाणिक वाटते. २०१६च्या नाण्यावरील जोडी क्लार्क यांची राणी अधिक सौम्य असून तिच्या ओठांवर पुसटसे स्मित आहे.

मागच्या बाजूंचा विचार करता माझी पसंती बदलते. १९९६च्या नाण्यावर विंडसरचा किल्ला आणि पाच ध्वज आहेत. त्यांतल्या दोन पताकांवर १९२६ आणि १९९६ ही साले कोरून जन्म व वाढदिवस एकाच दृश्यात सहज बसवले आहेत. २००६च्या तुताऱ्यांना समारंभाचा थाट आहे, पण त्या राणीविषयी विशेष काही सांगत नाहीत. २०१६चे नऊ गुलाब, दर दशकाचा एक, ही कल्पना सुंदर असली तरी ती आधी समजावून सांगावी लागते.

साधी आवृत्ती तांबे-निकेलची, २८.२८ ग्रॅम वजनाची आणि ३८.६१ मिलिमीटर व्यासाची आहे. तळहातावर तिचा भार सुखावतो. ऐपत असल्यास निदान २००६चे नाणे चांदीच्या प्रूफ, म्हणजे संग्राहकांसाठी खास घोटून चकचकीत केलेल्या, आवृत्तीत घ्यावे, कारण आरशासारख्या पार्श्वभूमीवर मुखचित्राची प्रत्येक रेषा उठून दिसते. दर्शनी मूल्य पाच पौंड असले तरी दुकाने व बँका ही नाणी स्वीकारण्यास बांधील नाहीत, म्हणून ती खर्चण्याच्या हिशेबाने घेऊ नयेत. प्रूफ नाणे डबीतून काढलेच, तर कडेनेच धरावे; बोटांचे ठसे सहजी निघत नाहीत.