फ्लोरिडात शार्क फिशिंगची ट्रिप बुक करताय? आधी हे वाचा

भारतातून आईवडील किंवा सासूसासरे आले की इथली आपली मंडळी फ्लोरिडाला जातातच, आणि हल्ली डिस्ने उरकलं की एखादी फिशिंग ट्रिपपण करतात, त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितोय. आम्हाला टॅम्पा बेमध्ये छोट्या शार्कच्या ट्रिपमध्ये व्यवस्थित गंडवलं. सासरे मालवणचे, मोरीचं (म्हणजे छोट्या शार्कचं) सुकं म्हणजे त्यांचा जीव की प्राण, त्यामुळे मोरी स्वतः गळाला लावायला मिळणार म्हटल्यावर ते लहान मुलासारखे खूश.

जाहिरात अशी होती की हाफ डे, प्रायव्हेट बोट, शार्क गॅरंटीड आणि प्रत्येकाला एक शार्क घरी. 200 डॉलर ॲडव्हान्स झेलने (Zelle, बँक खात्यातून थेट पैसे पाठवायची सोय), बाकीचे 300 बोटीवर कार्डने. रेट इतरांसारखाच, त्यामुळे शंका यायचं कारण नव्हतं. पण यातलं शेवटचं वाक्य नीट बघा. फ्लोरिडात शार्कची लिमिट माणशी दिवसाला 1 आहे आणि अख्ख्या बोटीला मिळून जास्तीत जास्त 2, मग माणसं कितीही असोत. म्हणजे दोनपेक्षा जास्त लोकांना "प्रत्येकाला एक" हे वचन कायद्यात बसतच नाही, आणि जो रोज हाच धंदा करतो त्याला हे माहीत नसणं शक्य नाही.

धक्क्यावर गेलो तर प्रायव्हेट बोटीत आधीच एक तिघांची फॅमिली बसलेली, त्यांनाही प्रायव्हेट म्हणूनच विकलेली. आम्ही चौघं, म्हणजे झाले सात. इथे छोट्या बोटीच्या कॅप्टनचं जे लायसन्स असतं त्याला सगळे सिक्स-पॅक म्हणतात, कारण पैसे देणारे सहाच पॅसेंजर चालतात. सातवा घ्यायचा तर बोट कोस्ट गार्डने तपासलेली लागते आणि तसं सर्टिफिकेट लागतं. मी विचारलं तर म्हणे ऑफिसात आहे. कुठलं ऑफिस देव जाणे.

मग निघायच्या आधी माणशी 40 डॉलर "फिशिंग लायसन्स", तेही कॅश. हे सगळ्यात हलकट काम. लायसन्स असलेल्या चार्टर बोटीवर गिऱ्हाइकाला वेगळं लायसन्स लागतच नाही, बोटीच्या लायसन्समध्ये ते येतं. आणि समजा लागलंच असतं तरी बाहेरच्या राज्यातल्या माणसाला समुद्राचं तीन दिवसांचं लायसन्स 17 डॉलरला ऑनलाइन मिळतं. पण बोट सुरू आहे, पोरं लाइफ जॅकेट घालून बसलीत, अशा वेळी कोण वाद घालतो, हे त्याला बरोब्बर ठाऊक असतं.

पाण्यात गेल्यावर तर आनंदच. बॉनेटहेड म्हणजे फावड्यासारख्या चपट्या डोक्याचा छोटा शार्क, तो उथळ पाण्यात गवतावर फिरतो आणि खेकड्यांवर जगतो, पण या कॅप्टनकडे खेकडा नाही की ताजी कोळंबी नाही, नुसता फ्रीजरमधला पांढरा पडलेला स्क्विड. शार्कसाठी सर्कल हुक लावायचा नियम आहे, म्हणजे गळ घशात न जाता जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो, याचे सगळे साधे जे-हुक. गळाला शिंगाळ्यावर शिंगाळे. शेवटी बाबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, रॉडला दोनेक फुटी शार्क लागला, कॅप्टन लगेच "शार्पनोज, शार्पनोज, ठेवून घ्या" म्हणाला (शार्पनोज म्हणजे शार्कची एक छोटी जात). बाबा त्याला उलटापालटा करून बघत होते, म्हणाले, "ह्येचे पाठीवरचे दोनय पंख सारकेच कशे रे?" फोनवर चेक केलं, लेमन शार्क! पिवळट रंग, मागचा पंख जवळपास पुढच्याएवढा. शार्पनोजचा मागचा पंख अगदी बारका असतो. लेमन ठेवायला फ्लोरिडात 2010 पासून बंदी आहे, आणि परतताना ऑफिसरने बोट थांबवली असती तर लफडं आमच्याही गळ्यात आलं असतं. आम्ही सोडायला लावला तर कॅप्टनसाहेब रुसले.

नंतर एक बॉनेटहेड मिळाला खरा, तर तो तसाच उन्हात डेकवर टाकून दिला. बाबा वैतागले, "अरे, आधी रगात काढ, बर्फात घाल, नायतर वास मारतलो." शार्कच्या मांसात युरिया असतो, त्याचा अमोनिया व्हायला वेळ लागत नाही, हे मालवणात शेंबड्या पोराला कळतं. याने चक्क बोटीवरच फिलेट करून देतो म्हणून सुरी काढली, जेव्हा की शार्क किनाऱ्यावर अख्खा आणावा लागतो.

वेळेच्या बऱ्याच आधी परत आणलं आणि वर फ्युएल सरचार्ज मागितला, तो मी दिला नाही. झेलचे 200 गेले, बँक म्हणाली तुम्हीच पाठवलेत, आम्ही काही करू शकत नाही. लायसन्सच्या कॅशची तर पावतीच नाही. कार्डचे 300 मात्र डिस्प्यूट टाकून परत आले, कारण जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि सात जणांचा बोटीवरचा सेल्फी दोन्ही जोडले होते. त्यामुळे ॲडव्हान्ससकट सगळं कार्डनेच द्या, आणि कॅप्टनकडे कोस्ट गार्डच्या लायसन्सचा फोटो व्हॉट्सॲपवर मागा. खरा कॅप्टन लगेच पाठवतो. पुढच्या वेळी ज्याच्याबरोबर गेलो त्याने तर न मागता पाठवला, आणि फोनवरच सांगितलं की गॅरंटी नाही, दोनच ठेवता येतील, बर्फ भरपूर आणा.