वस्तरा खोटा होता, मी सहा आठवडे हाताला दोष देत बसलो

पार्सल आलं त्याच संध्याकाळी मी पाच स्टार देऊन मोकळा झालो. वस्तरा अजून गालाला लागलाही नव्हता. पण पेटीच अशी होती की बस! लाकडी, आतून लाल मखमल, मधोमध वस्तरा, शेजारी पातं घासायचा चामड्याचा पट्टा, पेस्टची डबी आणि ब्रश. पात्यावर दमास्कस पोलादाची (थरांवर थर ठोकून केलेल्या पोलादाची) लाटालाटांची नक्षी, मूठ शिंगाची म्हणे. चांगल्या नुसत्या वस्तऱ्याच्या पाव किमतीत अख्खा संच. फोटो काढला, 'अप्रतिम' असं लिहून टाकलं. त्या फोटोबद्दल शेवटी सांगतो.

पहिली दाढी मी अगदी पाठ करून केली होती. गरम पाण्याने तोंड धुतलं, फेस चांगला मुरू दिला, डाव्या हाताने कातडी ताणली, पातं साधारण ३० अंशांत धरलं आणि कानाशेजारून खाली आलो. फेस निघाला, खुंट तसेच. दुसऱ्यांदा फिरवला तर एकेक केस मुळापासून ओढल्यासारखा वाटला. जबड्याच्या वळणावर मात्र सफाईने दीड सेंटिमीटरचा काप बसला. म्हणजे केस कापायची तयारी नाही, कातडी कापायला एका पायावर तयार.

विक्रेत्याला लिहिलं. उत्तर तासाभरात, अतिशय नम्र: 'सर, नवीन लोकांना सुरुवातीला असंच होतं. कोन तपासा. पट्ट्यावर आणखी फिरवा. हात बसायला महिनाभर लागतो.'

यातलं एकही वाक्य खोटं नाही. नवशिक्याचा कोन चुकतोच. पट्ट्यावर फिरवताना पातं पाठीवरून उलटवायचं असतं, तो ते धारेवरून उलटवतो आणि असलेली धारही घालवतो. हात बसायला वेळ लागतो हेही खरं. ज्याने आयुष्यात एकही चांगला वस्तरा धरलेला नाही, त्याला दोष हाताचा की पोलादाचा हे कळायचं कसं? माझ्या मते हा सगळा धंदा याच एका अडचणीवर चालतो. हात मुरलेल्या माणसाला ते हा माल विकायलाच जात नाहीत.

मग सहा आठवडे माझा अभ्यास चालू. रोज पट्ट्यावर ६० फेऱ्या. (तो पट्टाही चामड्याचा नव्हताच. आठवड्याभरात कडेला सोलला आणि आतून पुठ्ठा डोकावला. तरी मला शंका आली नाही, कारण शंका घ्यायला तोवर मी स्वतः होतो ना.) गाल लालबुंद, मानेवर पुरळ. परत करायची मुदत केव्हाच उलटून गेली.

शेवटी हौसेने वस्तरे पाजवणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांकडे गेलो. धार लावून द्या, एवढंच म्हणणं होतं. त्यांनी धारेकडे पाहिलंच नाही. आधी मोजपट्टी काढली आणि पात्याची पाठ, म्हणजे धारेसमोरची जाड कड, मोजली.

"साडेसात मिलिमीटर. रुंदी किती? एकोणीस. अहो, हा वस्तरा नाही, कुऱ्हाड आहे."

हे गणित मला माहीत नव्हतं. वस्तरा दगडावर आडवा ठेवून पाजवतात, पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवून. म्हणजे धारेचा कोन पाजवणाऱ्याच्या हातात नसतोच, तो पाठीच्या जाडीने आणि पात्याच्या रुंदीने आधीच ठरलेला असतो. १९ मिलिमीटर रुंदीच्या पात्याला साडेपाचच्या आसपास पाठ असली की कोन १६-१७ अंशांचा येतो. माझा २३ च्या घरात जात होता. कितीही पाजवा, तो कोन बदलायचा नाही.

मग त्यांनी काळ्या मार्करने दोन्ही बाजूंनी धारेलगत रेघ ओढली आणि पातं दगडावरून एकदाच, अलगद नेलं. उचलून माझ्यापुढे धरलं. एका बाजूला टोकाजवळची आणि टाचेजवळची (मुठीकडच्या टोकाची) शाई पुसली गेली होती, मधली तशीच. दुसऱ्या बाजूला नेमकं उलटं. पातं केळ्यासारखं वाकलेलं होतं. पाठ जिथे दगडाला घासली तिथली दमास्कसची नक्षीही गेली होती. खऱ्या घडीच्या पोलादाचीही घासल्यावर फिकी होते, पण ती थरांची असते, आम्लात बुडवलं की पुन्हा उमटते. त्यांनी तेही करून दाखवलं. माझ्या पात्यावर काहीच उमटलं नाही. वरवर छापलेली नक्षी होती ती.

शेवटी कानस. मुठीत झाकल्या जाणाऱ्या दांड्यावर नाही, पात्याच्याच पाठीवर त्यांनी कानस टेकवली. पाणी दिलेल्या, म्हणजे तापवून एकदम थंड करून कडक केलेल्या, पोलादावरून कानस काचेवरून घसरावी तशी घसरते. इथे ती कर्रकन रुतली आणि चमकदार भुकटी बोटावर आली. "याला नीट पाणीच दिलेलं नाही," ते म्हणाले. "मी धार आणून देईन, पण चौथ्या दाढीला गेलेली असेल."

मग त्यांनी स्वतःचा एक जुना वस्तरा दिला आणि आरशासमोर उभं केलं. तोच हात, तोच कोन. गालावर बारीक कुरकुर असा आवाज झाला, कोरडी पानं पायाखाली यावीत तसा, आणि मागे गुळगुळीत कातडी. एका गालाला मिनिटसुद्धा लागलं नाही. मला आनंद व्हायला हवा होता. राग आला, सहा आठवड्यांचा एकदम.

घरी येऊन विक्रेत्याला मोजमापांसकट सगळं लिहिलं. उत्तर पुन्हा नम्र: वापरलेला वस्तरा आरोग्याच्या कारणास्तव परत घेतला जात नाही. म्हणजे खोटा आहे हे कळण्यासाठी वापरायला हवा, आणि वापरला की परत नाही. म्हणून सांगतो, नवा वस्तरा हातात आला की आधी दाढी करू नका. काचेच्या तुकड्यावर पातं आडवं ठेवा आणि टोकाला व टाचेला आळीपाळीने बोटाने दाबा. टकटक डुलला तर वाकडा आहे. पाठ मोजा. धुतलेला एक केस एका टोकाला धरून धारेवर अलगद सोडा. 'दाढीसाठी तयार' म्हणून विकलेल्या वस्तऱ्याने तो तुटायला हवा. निदान मनगटावरचे केस कातडीला न टेकता तरी छाटले गेले पाहिजेत. अंगठ्याला धारदार लागणं ही खूण नव्हे, तशी तर सुरीही लागते. यातल्या कशानेही वस्तरा 'वापरलेला' होत नाही.

जाहिरात नंतर पुन्हा वाचली तेव्हा माझंच हसू आलं. 'सोलिंगन पद्धतीचा' असं लिहिलं होतं. मी 'सोलिंगन' वाचलं आणि 'पद्धतीचा' गिळलं. पात्यांसाठी नावाजलेल्या जर्मनीतल्या त्या गावाच्या नावाला १९३८ पासून कायद्याचं संरक्षण आहे, तिथे न बनलेल्या पात्यावर ते नाव टाकता येत नाही. म्हणून 'पद्धतीचा'. 'सर्जिकल स्टील' हाही तसाच शब्द. त्यातून पोलाद नक्की कोणतं हे कळत नाही आणि कडकपणाचा आकडा तर कधीच दिलेला नसतो. चांगल्या वस्तऱ्याचा तो रॉकवेल मापावर ६० च्या आसपास असतो.

हात आखडता असेल तर जुना वस्तरा बरा, पण तो पाजवणाऱ्या माणसाकडूनच घ्यावा. तिथेही फोटो फसवतात. धार सरळ किंवा किंचित बाहेर फुगलेली हवी, मध्ये आत गेलेली नको. पाठ एकीकडेच झिजलेली नको. धारेवर केसाएवढी जरी चीर दिसली तरी विषय संपला. मूठ सेल्युलॉइडची (जुन्या काळच्या प्लॅस्टिकची) असेल तर एक विचित्र भानगड असते. ते कुजायला लागलं की त्यातून आम्लाची वाफ सुटते आणि मिटलेल्या पात्याला मुठीच्या आतच गंज चढतो. नुसता सराव करायचा असेल तर अर्धं ब्लेड बसवायचा वस्तरा स्वस्त पडतो. तो चुकीला माफी देत नाही, पण निदान धार नक्की असते, म्हणजे चूक झाली तर ती आपलीच.

मी पुढे त्या गृहस्थांकडूनच एक घेतला. पाच अष्टमांश इंच रुंद, काळी साधी मूठ, पाठीवर थोडे डाग. वर्तमानपत्रात गुंडाळून दिला.

आणि तो फोटो. पाच स्टार काढून एक करायला गेलो तर बदलायची मुदत संपलेली. पेटीचा, लाल मखमलीचा माझा फोटो त्या वस्तऱ्याखाली अजून सगळ्यात वर आहे. खाली ४१ जणांना तो 'उपयोगी' वाटला आहे. गेल्या आठवड्यात पाहिला तेव्हा ३८ होते.