रबाळ्यात बनवून मिळणारा कयाक ट्रेलर: कयाकच्या मानाने फारच दणकट

रबाळे एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशन वर्कशॉपचा हा सिंगल एक्सल ट्रेलर. 50 × 50 मिमी बॉक्स पाइपची फ्रेम, रिक्षाची 4.00-8 चाकं, दोन्ही बाजूंना चार-चार पाट्यांच्या कमानी (लीफ स्प्रिंग). रिकामं वजन 110 किलो. वेल्डिंगला नाव ठेवायला जागा नाही. अडचण एकच: बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मोटारबोट होती, कयाकसारखी छोटी, हलकी होडी नव्हती.

साडेबारा फुटी फिशिंग कयाक भरते 45 किलो. रॉड, क्रेट, पायाने चालवायचा पेडल ड्राइव्ह धरून 55. कमानी मात्र 300 किलोच्या हिशेबाने बसवलेल्या. एवढ्याशा ओझ्याने त्या दबतच नाहीत. मग घोडबंदर रोडवरच्या खड्ड्यात ट्रेलर उडतो आणि सगळा मार कयाक बांधलेल्या पट्ट्यांवर आणि कयाकच्या बुडावर येतो. उपाय स्वस्त आहे. दोन्ही कमानींतला एकेक पाटा काढून घ्यावा. टोकांना डोळे (गोल वळवलेल्या कड्या) असलेला मुख्य पाटा सोडून, हे वेगळं सांगायला नको, पण एकदा सांगितलेलं बरं. पाटा निघाला की मधला बोल्ट लांब पडतो, तो आखूड घालायचा आणि कमान एक्सलला धरून ठेवणारे यू-बोल्ट नव्याने आवळायचे. पहिल्या 50 किलोमीटरनंतर ते पुन्हा तपासायचे, सैल झालेले असतातच. हवाही रिक्षाइतकी नको, 20 ते 22 पीएसआय पुरते.

ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या दांड्याची लांबी हा दुसरा मुद्दा. वर्कशॉप विचारल्याशिवाय एक्सलपासून कपलरपर्यंत (गाडीच्या बॉलवर अडकणाऱ्या टोकापर्यंत) 1.8 मीटर देतं. कयाक 3.8 मीटरची, तिचा मध्य एक्सलच्या 20 सेंमी पुढे ठेवला की नाक एक्सलपासून 2.1 मीटरवर, म्हणजे कपलरच्याही 30 सेंमी पुढे जातं. तीव्र वळणावर ते सरळ गाडीच्या मागच्या काचेला भिडणार. दांडा 2.4 मीटरचा मागा. ट्रेलरच्या नाकावरचं, म्हणजे कपलरवर येणारं, वजन बाथरूमच्या काट्यावर मोजता येतं: कपलर नेहमीच्या उंचीवर ठेवून खाली काटा. एकूण 165 किलोला 17 ते 25 किलो यायला हवं. कमी भरलं तर वेगात शेपूट हलायला लागते. या लांबीच्या दांड्यावर सामानासकट कयाक 20 सेंमी पुढे सरकवली की कपलरवर साधारण साडेचार किलो वाढतात.

सगळ्यात वाईट भाग टेकूंचा. 90 सेंमी अंतरावर दोन आडव्या लोखंडी पट्ट्या आणि वर पातळ रबर. पॉलिथिलीनची कयाक मे महिन्याच्या उन्हात मऊ पडते. पट्टा करकचून आवळून दुपारभर उभी ठेवली तर बुडाला खळगा पडतो आणि पाण्यात ती एका अंगाला ओढते. आडव्या पट्ट्या काढून टाका. 1.8 मीटर लांबीच्या दोन लाकडी फळ्या ट्रेलरच्या लांबीत उभ्या, बुडाखालच्या कण्यांच्या (लांबट उंचवट्यांच्या) अंतराने बसवून, वर सिंथेटिक कार्पेट लावा. स्टेनलेस स्क्रूंची डोकी लाकडात खोल बसवा. दांडीने आवळायच्या रॅचेटऐवजी हाताने ओढून आवळायचे कॅम बकलचे पट्टे घ्या, रॅचेटने किती आवळलं याचा अंदाजच येत नाही. पट्ट्याला एक पीळ दिला की तो वाऱ्यात गुणगुणत नाही.

कपलर 50 मिमीचा आहे. गाडीवर 2 इंची बॉल असेल तर तो 50.8 मिमी भरतो आणि कुलूप पूर्ण बसत नाही. बसल्यासारखं वाटतं, हाच धोका. बॉलवर कोरलेला आकडा वाचा. सेफ्टी चेन दांड्याखालून एकमेकींना छेद देऊन अडकवा. इंडिकेटर दिला की मागचा लाल दिवा मंद होत असेल, तर अर्थिंग फक्त बॉलमधून मिळतंय. वेगळी अर्थ वायर ओढून घ्या.

गंज आतून येतो. फ्रेमवर नुसता रेड ऑक्साइड आणि काळा रंग आहे. खाडीकाठी तो फार टिकणार नाही. हॉट डिप गॅल्व्हनायझिंग (वितळलेल्या जस्तात बुडवून काढणं) सांगा, आणि पाइपच्या दोन्ही टोकांना भोकं ठेवायला लावा. जस्त आत शिरायला ती लागतातच, नंतर पाणीही तिथूनच निथळतं. सारसोळ्याचा धक्का असो की दिवाळ्याचा, ट्रेलर पाण्यात उतरवूच नये. 45 किलो दोघं सहज उचलतात, आणि ओहोटीला चाकं गाळात रुतली की बाहेर काढणं अवघड. चाकांचे तापलेले हब खाऱ्या पाण्यात बुडाले की आतली हवा आक्रसते आणि सीलमधून पाणी बेअरिंगमध्ये ओढलं जातं.

वर्कशॉपचं बिल म्हणजे नोंदणी नव्हे. मोटार वाहन कायद्यात ट्रेलरही वाहनच आहे. आरटीओची कागदपत्रं कोण करणार, हे अ‍ॅडव्हान्स देण्याआधी विचारा.

स्टेपनी सोबत मिळत नाही. पण चाकं रिक्षाची असल्यामुळे ठाण्यात कोपऱ्यावरच्या टायरवाल्याकडेही काम होतं. पाचपैकी तीन, उभ्या फळ्या आणि लांब दांडा आधीच सांगून घेतले तर चार.