सॅम्युएल स्मिथची नट ब्राउन एल: एक परीक्षण

ब्राउन एल हा तपकिरी बिअरचा प्रकार समजून घ्यायचा असेल, तर सुरुवात सॅम्युएल स्मिथच्या नट ब्राउन एलपासून करावी, असे माझे ठाम मत आहे. इंग्लंडमधील नॉर्थ यॉर्कशायरच्या टॅडकास्टर गावात १७५८ मध्ये सुरू झालेली सॅम्युएल स्मिथ ही ब्रुअरी (बिअरचा कारखाना) आजही स्वतंत्र आहे. अमेरिकेत क्राफ्ट बिअरची, म्हणजे छोट्या ब्रुअरींच्या बिअरची चळवळ मूळ धरत होती, तेव्हा तिथल्या हौशी मंडळींसमोर नमुना म्हणून ही एल होती. १९८६ मध्ये आलेली पीट्स विकेड एल ही अमेरिकी ब्राउन एल तर हिच्यासारखी बिअर घरी बनवण्याच्या खटपटीतूनच जन्माला आली.

बाटली ५५० मिलिलिटरची असून अल्कोहोलचे प्रमाण ५ टक्के आहे. ग्लासमध्ये ओतल्यावर रंग गडद तपकिरी दिसतो, पण उजेडासमोर धरताच कडेला तांबूस छटा उमटते आणि बिअर अगदी नितळ असल्याचे लक्षात येते. फिकट बदामी रंगाचा फेस लवकर खाली बसतो. त्याचा पातळ थर मात्र बराच वेळ टिकतो.

फ्रीजमधून काढून लगेच प्यायल्यास या एलवर अन्याय होतो. थंडगार असताना जिभेला केवळ गोडसरपणा आणि गॅस जाणवतो, वास जवळपास येतच नाही. ती ११ अंश सेल्सिअसच्या आसपास आली, की मंद आचेवर भाजलेल्या शेंगदाण्यांची टरफले चोळून काढताना येतो तसा खमंग वास प्रथम येतो, त्यामागून टॉफी आणि किंचित सुकामेवा. नावात ‘नट’ असले तरी यात दाणे किंवा बदाम-अक्रोड घातलेले नसतात. हा सारा खमंगपणा भाजलेल्या माल्टमधून (मोड आणून वाळवलेल्या धान्यातून) येतो. पहिल्या घोटाला कॅरॅमलचा गोडवा पुढे असतो, मधल्या टप्प्यात अक्रोडाच्या सालीचा तुरटपणा येतो आणि घोट गिळल्यानंतर तोंड कोरडे, स्वच्छ राहते. गोड सुरुवात आणि कोरडा शेवट यांचा हा तोल मला या एलचा सर्वांत मोठा गुण वाटतो, कारण याच ठिकाणी अनेक ब्राउन एल एकतर पाकासारख्या चिकट होतात किंवा जळकट कडू लागतात.

तिच्या भरदार पोताचे बरेचसे श्रेय आंबवण्याच्या पद्धतीला द्यावे लागेल. इथे स्लेट दगडाच्या फरशांनी बांधलेले चौकोनी हौद वापरतात, ज्यांना यॉर्कशायर स्क्वेअर म्हणतात. आंबताना वर उसळणारे यीस्ट हौदाच्या झाकणातील भोकातून हौदाच्याच वरच्या कप्प्यात चढते, तिथे साचून राहते आणि बिअर निथळून पुन्हा खाली येते. मागे रेंगाळणारी लोण्याची पुसट चव मी या यीस्टचीच मानतो. काहींना ती खटकेल, मला ती हवीशी वाटते.

उणीव म्हणावी तर एकच: हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा) ठसठशीत, लिंबूवर्गीय वास असलेल्या अमेरिकी ब्राउन एलची सवय झालेल्यांना ही फारच शांत वाटेल. जेवणासोबत मात्र हाच शांतपणा कामी येतो. जुन्या चेडर चीजबरोबर ती उत्तम जुळते, आणि भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणातल्या सुक्या मटणाबरोबरही, कारण दोन्हींकडचा भाजकेपणा एकमेकांना धरून राहतो; फक्त तिखट हात राखून घालावे, नाहीतर शेवटचा तुरटपणा बोचरा होतो.

विकत घेताना एक खबरदारी अवश्य घ्यावी. बाटलीची काच पारदर्शक आहे आणि प्रकाशामुळे हॉप्समधील कडू घटकांचे विघटन होऊन बिअरला उग्र दर्प येतो, ज्यातून तिचा मूळ खमंगपणा पुन्हा शोधता येत नाही. म्हणून ट्यूबलाइटखाली मांडून ठेवलेली बाटली न उचलता दुकानदाराकडे बंद खोक्यातली मागावी आणि घरी आणल्यावरही ती अंधारातच ठेवावी.