मुळासकट दाढ काढायला शिकवणारे दोन दिवस

पाळीव प्राण्यांचा दवाखाना चालवणाऱ्या पशुवैद्यांसाठी नागपुरात झालेल्या दंतचिकित्सेच्या दोन दिवसांच्या प्रात्यक्षिक प्रशिक्षणाला मी गेल्या महिन्यात गेलो होतो. शुल्क १८ हजार रुपये होते आणि ते मला सार्थकी लागल्यासारखे वाटते. मात्र दोन उणिवांची नोंद करणेही आवश्यक आहे.

मी का गेलो, ते आधी सांगतो. मागच्या वर्षी मनीष नगरातील माझ्या दवाखान्यात पिंकी नावाच्या पॉमेरेनियनची वरची मोठी दाढ मी काढली होती. डोळ्याखाली सूज घेऊन ती आली होती, दाढ काढल्यावर सूज उतरली आणि तीन महिन्यांनी तिथेच पुन्हा आली. मूळ आत राहिले असावे, अशी शंका मला तेव्हाच आली होती, परंतु ते पाहण्यासाठी दातांचा एक्स-रे माझ्याकडे नव्हता आणि राहिलेले टोक काढण्याची रीतही हाताला ठाऊक नव्हती.

प्रशिक्षणात वर्धा, अमरावती, भंडारा आणि चंद्रपूरकडचे मिळून आम्ही १२ जण होतो, दोघांत एक टेबल होते. सरावासाठी नैसर्गिकरीत्या मृत झालेल्या आणि मालकांनी संमती दिलेल्या प्राण्यांचीच डोकी वापरली जात आहेत, हे प्रशिक्षकांनी सुरुवातीलाच स्पष्ट केले, त्यामुळे मन मोकळे ठेवून काम करता आले. पहिली सकाळ तपासणीत गेली. कुत्र्याचे ४२ आणि मांजराचे ३० दात एकेक करून क्रमांकाने नोंदवायचे, प्रोब, म्हणजे खुणा असलेली बारीक सळई, हिरडीच्या कडेने फिरवून दात आणि हिरडी यांच्यातील फटीची खोली मोजायची. कुत्र्यात ती ३ मिलिमीटरपर्यंत चालते, मांजरात मात्र १ मिलिमीटरच्या पुढे गेली की संशय घ्यायचा.

खरे शिक्षण दुपारी सुरू झाले, आणि ते वरच्या त्याच दाढेवर, म्हणजे दात नोंदवण्याच्या पद्धतीतील १०८ क्रमांकावर. तिला तीन मुळे असतात आणि ती वेगवेगळ्या दिशांना पसरलेली असल्यामुळे अख्खी दाढ ओढून काढण्याचा प्रयत्न केला की एखादे मूळ तुटतेच. म्हणून आधी हिरडीचा फ्लॅप, म्हणजे झडपेसारखा सुटा केलेला भाग, उचलायचा, गालाकडच्या बाजूचे थोडे हाड बरने, म्हणजे दंतयंत्राच्या फिरत्या टोकाने, काढायचे, मुळे जिथे फुटतात ती जागा उघडी करायची आणि तिथून दाढेच्या माथ्याकडे कापत जाऊन दाढेचे तीन भाग करायचे. त्यानंतर लक्सेटर, म्हणजे दात सैल करण्याचे धारदार पात्याचे हत्यार, मूळ आणि हाड यांच्या फटीत घालून किंचित फिरवायचा आणि तसाच दहा-पंधरा सेकंद धरून ठेवायचा, कारण मुळाला हाडाशी बांधून ठेवणारे तंतू झटक्याने तुटत नाहीत, सततच्या ताणाने थकतात. मी घाई करीत होतो. प्रशिक्षक मॅडमनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “डॉक्टर, जोर लावू नका, थांबा.” तिसऱ्या वेळी मूळ बोटाला सैल लागले आणि सहज बाहेर आले. टोक निमुळते, गुळगुळीत होते. शेजारच्या टेबलावरचे मूळ तुटले होते. त्याची कड खरखरीत होती आणि मधोमध बारीक छिद्र दिसत होते. हा फरक पुस्तकातील चित्रावरून कधी लक्षात आला नव्हता.

प्रत्येक दात काढण्याआधी आणि काढल्यानंतर एक्स-रे घेतल्याशिवाय पुढचा दात हाती घेऊ दिला जात नव्हता. फ्लॅप शिवण्यावरही असाच कटाक्ष होता: टाके घालण्यापूर्वी फ्लॅप सोडून पाहायचा, तो मागे सरकला तर आतील बाजूचा पडदा कापून सैल करायचा, कारण ताणावर घातलेले टाके उसवतात. बोथट लक्सेटरला दगडावर धार कशी लावायची, हेही आम्हाला प्रत्यक्ष करायला लावले. माझे जुने लक्सेटर किती बोथट होते, हे मला तेव्हा कळले.

आता उणिवा. एक्स-रेचे यंत्र १२ जणांत एकच होते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी कधी कधी वीस-वीस मिनिटे रांगेत गेली. शिस्त एवढी काटेकोर ठेवायची तर दुसरे यंत्र हवेच. मांजरांच्या वाट्याला जेमतेम दीड तास आला. मांजराचा दात विरघळत जातो तेव्हा मूळ काढायचे की फक्त वरचा भाग कापून हिरडी शिवायची, हे एक्स-रे पाहूनच ठरते आणि अशी मांजरे आपल्याकडे नेहमी येतात; त्यासाठी अर्धा दिवस तरी द्यायला हवा होता. तोंड उघडे ठेवणाऱ्या स्प्रिंगच्या माउथ गॅगने मांजराचा जबडा फार वेळ ताणून ठेवला तर रक्तवाहिनी दाबली जाऊन अंधत्व येऊ शकते, ही सूचना मात्र वेळेवर मिळाली. दात बधिर करण्याचे इंजेक्शन प्रत्येकाने कवटीवर स्वतः देऊन पाहिले, हेही चांगले झाले.

परतल्यावर मी आधी एक्स-रेची व्यवस्था केली आणि पिंकीच्या घरी फोन लावला. “काकू, मागच्या वेळी माझ्याकडून मुळाचा तुकडा आत राहिला असावा. एक्स-रे काढून पाहू, आणि असेल तर पुन्हा भूल देऊन तो काढावा लागेल. याचे पैसे मी घेणार नाही.” काकू थोडा वेळ गप्प राहिल्या, मग तिला घेऊन आल्या. मागच्या मुळाचे चार मिलिमीटरचे टोक आतच होते. ते काढायला मला ५० मिनिटे लागली, आणि नंतरच्या एक्स-रेमध्ये ती जागा पूर्ण मोकळी दिसली.